एकाच तोंडाचा रस्ता आणि मागे येणारी 320 घरं

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: आमची वसाहत 140 घरांची. वसाहत, आतली एक शाळा आणि मागच्या दोन गल्ल्या, या सगळ्यांना मुख्य रस्त्याला लागायला 6 मीटर रुंदीचा एकच रस्ता आहे. रस्त्याच्या शेवटी मोकळी जमीन आहे. तिथे 320 सदनिकांचा गृहप्रकल्प येऊ घातलाय आणि त्याचं प्रवेशद्वार आमच्याच रस्त्यावर दाखवलंय. म्हणजे 600 गाड्या वाढणार. विकासकाच्या वाहतूक अहवालात मात्र ‘परिणाम नगण्य’ असं लिहिलंय. शाळेच्या वेळी आजच बाहेर पडता येत नाही. घरात सासरे आजारी आहेत, रुग्णवाहिका अडकली तर काय, या विचाराने झोप लागत नाही. शेजाऱ्यांत दोन तट पडलेत. काही म्हणतात, रस्ता आपला आहे, फाटक लावून बंद करू. काही म्हणतात, प्रकल्प थांबणार नाहीच, तर रस्ता रुंद करून घेऊ आणि गप्प बसू. हरकत नोंदवायला तीन आठवडे उरलेत. काय करावं?

उत्तर:

तुमच्या पत्रातला सर्वांत भक्कम मुद्दा रुग्णवाहिकेचा आहे आणि सर्वांत कच्चा मुद्दा 600 गाड्यांचा. हरकतीच्या अर्जात लोक नेमकं उलटं करतात. मोठा आकडा पहिल्या ओळीत घालतात आणि आणीबाणीच्या वाटेचा मुद्दा शेवटच्या परिच्छेदात जाता जाता उल्लेखतात. म्हणून आधी आकड्याकडे बघू.

320 घरांत 600 गाड्या असतीलही, पण त्या एका वेळी रस्त्यावर येत नाहीत. वाहतूक अभियंते गाड्या मोजत नाहीत, गर्दीच्या एका तासातल्या फेऱ्या मोजतात. अमेरिकेतली इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअर्स ही संस्था अशा फेऱ्यांच्या दरांचा संदर्भग्रंथ काढते. त्यात कमी उंचीच्या इमारतींमधल्या सदनिकांचा दर गर्दीच्या तासाला घरामागे साधारण अर्धी फेरी आहे, तर स्वतंत्र घरांचा जवळपास एक. अर्धी फेरी धरली तर तुमच्याकडे तासाला 160 फेऱ्या वाढतील. सकाळी त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश बाहेर पडणाऱ्या असतात, म्हणजे 120 बाहेर आणि 40 आत. दर 22-23 सेकंदांना एक वाहन. तुम्ही 600 लिहिलंत तर विकासकाचा सल्लागार 160 दाखवून तुमचा सगळा अर्जच अतिशयोक्तीत काढेल.

तरीही हा दर तुमच्या वस्तीला लागू पडेलच असं नाही. दुसऱ्या देशातल्या उपनगरांचे दर उचलून अहवालात चिकटवलेले असतील तर त्यावर बोट ठेवायलाच हवं. खरा दर तुम्हाला स्वतःला काढता येतो. जवळपासचा, साधारण याच प्रकारचा आणि लोक राहायला आलेला एखादा गृहसंकुल निवडा. त्याच्या फाटकाबाहेर सकाळी दोन तास उभं राहून बाहेर पडणारी आणि आत शिरणारी वाहनं दर 15 मिनिटांच्या खान्यात मोजा. सर्वाधिक वर्दळीच्या सलग चार खान्यांची बेरीज करा आणि तिला तिथल्या राहत्या सदनिकांच्या संख्येने भागा. भागताना रिकाम्या सदनिका धरू नका, नाहीतर दर फसवा आणि कमी येतो. हा स्थानिक दर हातात असेल तर परदेशी ग्रंथातल्या आकड्यापेक्षा तुमचा आकडा जड ठरतो. तो अर्ध्यापेक्षा कमी आला, तरी तोच लिहा.

आता ‘परिणाम नगण्य’कडे वळू. 160 फेऱ्या किरकोळ वाटतात, आणि सरळ धावणाऱ्या रस्त्यावर त्या किरकोळ असतातही. पण रस्ता तुंबतो तो लांबीत नाही, तोंडाशी तुंबतो. तुमचा रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो तिथे प्रत्येक वाहनाला फट मिळेपर्यंत थांबावं लागतं. त्या तोंडातून तासाला किती वाहनं बाहेर पडू शकतात याला मर्यादा आहे. ती मर्यादा मोजायची सोपी रीत आहे. रांग न तुटता उभी असेल तेव्हा 15 मिनिटांत किती वाहनं सुटली ते मोजा आणि चारने गुणा. समजा ही क्षमता 400 निघाली आणि आज गर्दीच्या तासाला शाळा धरून 260 वाहनं बाहेर पडतात. म्हणजे 65 टक्के वापर. त्यात 120 मिळवली की 380 होतात, म्हणजे 95 टक्के. रांगेचा ढोबळ अंदाज काढायचा तर वापरलेल्या क्षमतेला उरलेल्या क्षमतेने भागायचं. आज 65 भागिले 35, म्हणजे सरासरी दोनेक वाहनं. उद्या 95 भागिले 5, म्हणजे 19. वाहनं वाढली 46 टक्के आणि रांग झाली दहापट. एका वाहनाला 6 मीटर धरले तर 19 वाहनांची रांग 114 मीटर होते. तेवढ्या अंतरात कुणाकुणाची फाटकं आणि शाळेचं दार येतं, ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक.

हे सूत्र कच्चं आहे, अंतिम निकाल त्याने लागत नाही. पण वापर 85 टक्क्यांच्या वर गेला की विलंब झपाट्याने वाढतो हे वाहतूक अभियंते मानतात. इंग्लंडमध्ये अशा तोंडांच्या तपासणीत 0.85 हे गुणोत्तर वर्षानुवर्षं सावधगिरीची रेषा म्हणून वापरलं गेलंय. अहवालात ‘एकूण वाहतुकीत अमुक टक्के वाढ’ एवढंच असेल आणि तोंडाच्या क्षमतेचं गणित नसेल, तर ‘नगण्य’ हा निष्कर्ष सिद्ध झालेला नाही. तुमच्या हरकतीचा हा पहिला मुद्दा.

त्यासाठी तोंडाशी मोजणी लागेल. शाळा चालू असलेल्या आठवड्यातले मधले दोन कामाचे दिवस निवडा. आठवड्याचे दोन्ही टोकांचे दिवस, सुट्टीला लागून आलेले दिवस आणि परीक्षांचा काळ टाळा. चार जण पुरतात. बाहेर पडून एका बाजूला वळणारे, दुसऱ्या बाजूला वळणारे आणि दोन्ही बाजूंनी आत येणारे, असे चार प्रवाह आणि प्रत्येकाला एक माणूस. दुचाकी, मोटार, जड वाहन, सायकल आणि पायी चालणारे यांचे रकाने वेगळे ठेवा. अभियंते पुढे सगळी वाहनं मोटारीच्या परिमाणात बदलून घेतात. दुचाकीला साधारण अर्धा, बस किंवा ट्रकला दोन-तीन असा भार देतात. ते गणित त्यांच्यावर सोडा, तुमची मोजणी मात्र अशी हवी की ते करता येईल. रांगेतलं शेवटचं वाहन कुठवर पोचलं ते दर पाच मिनिटांनी टिपायला एक पाचवा माणूस ठेवता आला तर उत्तम. एखाद्या गच्चीवरून चित्रीकरण करून ठेवा, म्हणजे ‘मोजणी चुकली’ म्हणणाऱ्याला दाखवता येईल.

15 मिनिटांचे खाने का, तेही सांगायला हवं. तासाला 600 वाहनं असतील आणि त्यातली 200 शाळा भरण्याच्या पंधरा मिनिटांत येत असतील, तर त्या वेळी रस्ता तासाला 800 च्या वेगाने भरतोय. अहवाल तासाची सरासरी दाखवतो आणि ही पंधरा मिनिटं तिच्यात बुडून जातात. तुमची रोजची अडचण नेमकी त्याच पंधरा मिनिटांतली आहे.

अहवालाची पूर्ण प्रत मागून घ्या, सारांशावर समाधान मानू नका. सगळ्यांत आधी मोजणीची तारीख बघा. ती शाळेच्या सुट्टीत पडली असेल तर बाकी पानं वाचायच्या आधीच फेरमोजणीची मागणी करता येते. मग बघा की आसपास मंजूर झालेले, पण अजून लोक राहायला न आलेले प्रकल्प धरलेत का. प्रत्येक प्रकल्प एकेकटा नगण्य असतो, रस्त्यावर मात्र ते सगळे एकत्र येतात. घरं भरायला काही वर्षं जातील, तर त्या वर्षाची वाहतूक धरलीय की आजचीच? आणि ‘इतके टक्के रहिवासी बसने जातील’ असं गृहीत धरलं असेल, तर थांबा किती दूर आहे, तिथवर पदपथ आहे का आणि बस किती वेळाने येते हे तुम्ही स्वतः बघून लिहा. या गृहितकावरच बहुतेक अहवाल तरलेले असतात.

प्रकल्पाचं प्रवेशद्वार जिथे उघडणार तिथली दृष्टीची अंतरंही अहवालात कागदावरच मोजलेली असण्याची शक्यता असते. हे काम दोन काठ्या आणि एक मोजपट्टी घेऊन करता येतं. बाहेर पडणारा चालक बसतो त्या जागी उभं राहायचं, म्हणजे डांबराच्या कडेपासून सुमारे 2.4 मीटर आत. काठीवर 1.05 मीटर उंचीवर खूण करायची. बसलेल्या मोटारचालकाचा डोळा साधारण तिथे असतो. त्या खुणेशी डोळा नेऊन रस्त्याकडे बघायचं. दुसऱ्याने मीटरभर उंचीची काठी धरून रस्त्याच्या कडेकडेने लांब जायचं. कुंपणामागे, झाडाच्या बुंध्यामागे किंवा विजेच्या पेटीमागे काठी दिसेनाशी झाली की थांबून अंतर मोजायचं. ताशी 30 किलोमीटरच्या वेगाला थांबायला सुमारे 30 मीटर लागतात, 40 ला 45 आणि 50 ला 60. यात प्रतिक्रियेचे अडीच सेकंद आणि ब्रेकचं अंतर दोन्ही आलं. फलकावर लिहिलेला वेग धरू नका, प्रत्यक्षातला धरा. पदपथावर 50 मीटरवर दोन खुणा करा आणि वाहनाला तेवढं अंतर कापायला किती सेकंद लागतात ते बघा. साडेचार सेकंद म्हणजे ताशी 40. शंभरेक मोकळ्या वाहनांचे वेग चढत्या क्रमाने लावले की पंच्याऐंशीवा वेग हा हिशेबाचा वेग. हे सगळं कडेला उभं राहून करायचं, मुलांना यात घ्यायचं नाही.

आता सासऱ्यांची काळजी. त्या मुद्द्याला अहवालात बहुधा जागाच दिलेली नसते. रुग्णवाहिका आरशांसकट दोन मीटरच्या वर जाते. अग्निशमन बंबाला चालायला आणि बाजूची दारं उघडायला 3.7 ते 4 मीटर मोकळी रुंदी लागते. तुमचा रस्ता 6 मीटरचा. उभी मोटार साधारण दोन मीटर खाते. एका बाजूला गाड्या उभ्या असतील तर 4 मीटर उरतात, दोन्ही बाजूंना असतील तर 2. बंब तिथेच अडला. त्यात गर्दीच्या वेळी 114 मीटरची रांग उभी असेल तर रुग्णवाहिकेला पर्यायी वाटच नाही. जिथे आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेचं रस्त्यांविषयीचं परिशिष्ट स्वीकारलेलं असतं, तिथे 100 पेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला दोन स्वतंत्र रस्ते मागितले जातात. इमारतींत पाण्याचे स्वयंचलित फवारे असतील तर ही मर्यादा 200 पर्यंत सैल होते. 320 त्याच्याही वर आहेत. तुमच्याकडे नियम कोणता ते अग्निशमन विभागाला लेखी विचारा आणि या प्रकल्पाला त्यांनी अभिप्राय देताना वसाहतीच्या रस्त्याची मोकळी रुंदी मोजली होती का, हेही विचारा.

पण इथे एक कठीण प्रश्न तुम्हालाही विचारायला हवा. रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या गाड्या कुणाच्या? बऱ्याचशा तुमच्याच शेजाऱ्यांच्या असणार. विकासकाचा सल्लागार त्यांचे फोटो काढून सुनावणीत ठेवेल आणि म्हणेल, अडथळा प्रकल्पाचा नाही, रहिवाशांचा आहे. ही वेळ येण्याआधी वसाहतीने बैठक घेऊन एक बाजू मोकळी ठेवायचा ठराव करावा आणि त्याची प्रत हरकतीला जोडावी. सासऱ्यांसाठी हे आजही हवंच आहे, प्रकल्प होवो वा न होवो.

फाटक लावू म्हणणाऱ्यांना आधी मालकीचे कागद काढायला सांगा. वसाहतीच्या मंजूर आराखड्यात हा रस्ता खासगी म्हणून दाखवलाय, की सार्वजनिक वापरासाठी हस्तांतरित झालाय? हस्तांतरित झाला असेल, तर फाटक लावणं बेकायदा ठरेल आणि सुनावणीआधीच तुमची बाजू पडेल. रस्ता खासगी असेल आणि मागच्या जमिनीला फक्त वहिवाटीचा हक्क असेल, तर तो हक्क कशापुरता आहे हे महत्त्वाचं. शेतावर जाण्यायेण्याची वहिवाट 320 घरांच्या रहदारीला आपोआप लागू होते असं धरता येत नाही. हा मुद्दा मात्र जमिनीच्या कामात मुरलेल्या वकिलाकडूनच तपासून घ्या. मोजणी नकाशावर आणखी एक गोष्ट बघा. रस्त्याची हद्द आणि प्रकल्पाची हद्द खरोखर एकमेकींना भिडतात का? मध्ये हातभर रुंदीचीही पट्टी तिसऱ्या कुणाच्या नावावर असेल तर प्रवेशद्वाराचा सगळा प्रश्नच बदलतो.

रुंदीकरण करून घेऊन गप्प बसू म्हणणाऱ्यांचं म्हणणं समंजस वाटतं, पण त्यातून फारसं काही हाती लागणार नाही. रस्ता 6 चा 9 मीटर झाला आणि तोंड तसंच राहिलं, तर रांग तेवढीच राहील, फक्त दोन ओळींत उभी राहील. शिवाय रुंद रस्त्यावर वेग वाढतो आणि रुंदीकरण बहुतेक वेळा पदपथ आणि झाडं खाऊन होतं. शाळेच्या रस्त्यावर हे नको. उपयोग होतो तो तोंडाशी शेवटच्या 30-40 मीटरमध्ये दोन वेगळ्या ओळी केल्याने, म्हणजे समोरची वाहतूक ओलांडायला फट शोधत थांबलेलं एक वाहन सहज वळणाऱ्या दहा वाहनांना अडवून धरत नाही. सिग्नलचीही मागणी लोक पटकन करतात. सिग्नलने पायी रस्ता ओलांडणं सुरक्षित होतं, तुमच्या रस्त्याला ठरावीक वेळ मिळतो, पण मुख्य रस्त्यावरची रांग वाढू शकते. दोन्ही बाजूंचं गणित मांडल्याशिवाय तो मागू नका.

म्हणून तुमची मुख्य मागणी दुसऱ्या रस्त्याची असू द्या. त्या जमिनीच्या इतर बाजूंना कोणते रस्ते आहेत, विकास आराखड्यात एखादा रस्ता नुसता रेषेवर राहिलाय का, हे नकाशावर शोधा. अशी रेषा सापडली तर मागणी स्पष्ट ठेवा: प्रकल्पाची वाहनं त्या बाजूने जावीत आणि तुमच्या बाजूला फक्त पायी, सायकल आणि आणीबाणीच्या वाहनांसाठी वाट असावी, मध्ये काढता येणारे खांब असावेत आणि त्यांची किल्ली अग्निशमन दलाकडेही असावी. या वाटेचा तुम्हालाही फायदा आहे. तुमच्या रस्त्याचं तोंड तुंबलं तर रुग्णवाहिका मागून येऊ शकेल.

त्याखालोखाल टप्प्यांची अट. पहिल्या टप्प्यात तुमच्या मोजणीप्रमाणे तोंडाला झेपतील तेवढीच घरं, आणि दुसरा रस्ता किंवा तोंडाची सुधारणा प्रत्यक्ष पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या घरांना भोगवट्याची परवानगी नाही, असं परवानगीपत्रात लिहून यायला हवं. ‘विकासक रस्ता करून देईल’ एवढ्या वाक्याला किंमत नसते. कधी, किती रुंद, कुणाच्या खर्चाने आणि न झाल्यास काय अडेल, हे चारही लागतं. बैठकीत तोंडी दिलेलं आश्वासन इतिवृत्तात आलं नाही तर ते धरूच नका.

बांधकामाचा काळ तुमच्या पत्रात आलाच नाही, आणि तुम्हाला सर्वांत आधी त्रास तिथेच होणार आहे. काँक्रीटच्या एका मिक्सरमध्ये साधारण 6 घनमीटर माल येतो. प्रकल्पाला 12,000 घनमीटर काँक्रीट लागलं तर 2,000 मिक्सर, म्हणजे येऊन-जाऊन 4,000 फेऱ्या. सळई, विटा, माती वेगळी. 1958 ते 1960 दरम्यान अमेरिकेत इलिनॉयमध्ये ॲशो रोड टेस्ट नावाची मोठी चाचणी झाली. तिच्यातून आजही वापरला जाणारा ठोकताळा निघाला: आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान सुमारे सोळापट होतं. वसाहतीचा रस्ता अशा वाहनांसाठी बांधलेलाच नसतो, आणि त्याखालच्या मोऱ्या व जलवाहिन्याही नसतात. तेव्हा कामाआधी रस्त्याचं, कुंपणांचं आणि मोऱ्यांचं दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी चित्रीकरण, शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी जड वाहनांना बंदी, बाहेर पडताना चाकं धुण्याची सोय, मुख्य रस्त्यावर ट्रक थांबवून न ठेवण्याची अट आणि दुरुस्तीसाठी अनामत रक्कम, एवढं मागा. जमिनीला दुसऱ्या बाजूने तात्पुरती वाट काढता येत असेल तर बांधकामाची सगळी वाहनं तिथूनच न्यायला सांगा. पुढे कायमचा रस्ता तिथूनच निघण्याची शक्यताही त्याने वाढते.

तीन आठवड्यांपैकी पहिला आठवडा कागद आणि मोजणीसाठी ठेवा, दुसरा अर्ज लिहायला, आणि तिसरा मोकळा ठेवा, कारण अग्निशमन विभागाचं उत्तर किंवा नकाशाची प्रत उशिरा येतेच. अर्ज दोन-तीन पानांचा पुरे. एकाच मजकुराच्या दोनशे प्रती जमवण्यापेक्षा मोजणीचा तक्ता, नकाशा, तारखेचे फोटो जोडलेला एक अर्ज आणि त्याला पाठिंब्याच्या सह्या असं करा. वेगळी अडचण असणाऱ्यांनी मात्र वेगळे अर्ज द्यावेत: शाळेने मुलांच्या चालण्याबद्दल, कोपऱ्यावरच्या घराने फाटकासमोरच्या रांगेबद्दल. घरांच्या किमती घसरतील किंवा नवे लोक कसे असतील, असले मुद्दे घालू नका. नियोजनाच्या निर्णयात त्यांना सहसा वजन नसतं, आणि ते लोक उद्या याच रस्त्याने मुलांना शाळेत सोडणार आहेत, त्यांनाही हाच दुसरा रस्ता लागणार आहे.

अर्जाच्या शेवटी मागणी दोन पायऱ्यांत लिहा. पहिली: तोंडाची क्षमता, शाळेची वेळ आणि आणीबाणीची वाट यांचा फेरअभ्यास होईपर्यंत मंजुरी देऊ नये. दुसरी: द्यायचीच असेल तर पुढील अटींवर द्यावी. काही शेजारी म्हणतील की अटी मागणं म्हणजे हार मानणं. दुसरी पायरी न लिहिता हरकत फेटाळली गेली तर परवानगीत तुमचं एकही वाक्य राहत नाही, एवढं त्यांना समजावून सांगा. अर्जाची तारीख-शिक्क्यासह पोच घ्या, सुनावणीला दोघांनी जा, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने टिपून घ्यायचं. निर्णय झाला की परवानगीची प्रत अटींसकट मागून घ्या आणि प्रत्येक अटीपुढे ती तपासणारा अधिकारी कोण, हे त्याच आठवड्यात लेखी विचारा.